निळ्या फुलाचे गोत्र कोणते?

वनस्पतींचे वर्गीकरण शिकवताना एक अडचण बहुतेक शिक्षकांना जाणवते. कुल, प्रजाती, जाती ही उतरंड विद्यार्थी पाठ करतात, पण ती कोणी, कधी आणि कशाच्या आधारे रचली हे पाठ्यपुस्तकात फारसे येत नाही. त्यामुळे नावे आकाशातून पडली आणि आपण ती फक्त लक्षात ठेवायची, असा मुलांचा समज होतो. प्रत्यक्षात प्रत्येक शास्त्रीय नाव हा एक दावा असतो. ‘ही वनस्पती या घराण्यातली आहे’ असे ते नाव सांगत असते, आणि दावा म्हटला की पुरावा, शंका, खंडन हे सगळे ओघाने आलेच.

हे समजावून सांगण्यासाठी या लेखात आम्ही एकाच वनस्पतीचा इतिहास घेतला आहे. ती आपल्याकडे उगवत नाही. पॅसिफिक महासागरातल्या एका छोट्या बेटसमूहावरची ती मूळ रहिवासी आहे. बागेत ती पुष्कळांनी पाहिली आहे, पण तिच्या स्वतःच्या किनाऱ्यावर मात्र ती दुर्मीळ झाली आहे. इंग्रजीत तिला चॅटम बेटांचे फर्गेट-मी-नॉट म्हणतात. ती खरोखर फर्गेट-मी-नॉट आहे का, या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

एक खुलासा आधीच करतो. रोजच्या बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ हा शब्द स्पीशीज या अर्थाने सर्रास येतो. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत मात्र जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. या लेखात आम्ही तोच अर्थ पाळला आहे. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे समजायला सोपे जाईल.

बेट आणि रोप

न्यूझीलंडच्या पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटरवर चॅटम बेटे आहेत. अक्षांश सुमारे ४४ अंश दक्षिण. म्हणजे वारा, धुके आणि थंडी भरपूर. सर्व बेटांचे मिळून क्षेत्रफळ हजार चौरस किलोमीटरच्या आतच भरते. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी येथे मोरिओरी लोक येऊन राहिले. मुख्य बेटाला ते रेकोहू म्हणतात. १७९१ साली विल्यम ब्रॉटन या अधिकाऱ्याचे ब्रिटिश जहाज येथे पोचले. जहाजाचे नाव होते ‘चॅटम’. तेच बेटांना चिकटले. १८३५ मध्ये न्यूझीलंडहून आलेल्या माओरी जमातींनी मोरिओरींना जिंकून गुलाम केले, आणि १८४२ मध्ये बेटे ब्रिटिशांच्या न्यूझीलंड वसाहतीला जोडली गेली.

या बेटांच्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेच्या थोडे वर, वाळूत आणि खडकांच्या कपारींत आपली वनस्पती वाढते. लाटांनी फेकलेले समुद्रशैवाल आणि समुद्रपक्ष्यांची विष्ठा हेच तिचे खत. ती बहुवर्षायू आहे. पाने मोठ्या थाळीएवढी, मांसल, तकतकीत आणि ठसठशीत शिरांची असतात. वसंतात पानांच्या गर्दीतून जाड दांडे वर येतात आणि त्यांवर निळ्या फुलांचे दाट झुबके लागतात. प्रत्येक फूल जेमतेम एक-दीड सेंटीमीटरचे. मध्याशी गडद निळे, कडेला फिकट. स्थानिक लोक तिला ‘कोपाकोपा’ किंवा ‘कोपुकापुका’ म्हणतात. गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिची पाने पाहून तिला ‘चॅटम बेटाची लिली’ म्हटले. लिलीशी तिचे काडीचेही नाते नाही. पाने पाहणाऱ्याने एक घराणे ठरवले आणि फूल पाहणाऱ्याने दुसरे, असा हा प्रकार आहे.

उंदराचा कान

फर्गेट-मी-नॉट म्हणजे ‘मला विसरू नकोस’. युरोपातल्या ओलसर कुरणांत, ओढ्यांच्या काठी उगवणाऱ्या नाजूक निळ्या फुलांना हे नाव जुन्या काळापासून आहे. कार्ल लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली आपल्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात त्यांची प्रजाती नोंदवली ती मायोसोटिस या नावाने. या ग्रीक शब्दाचा अर्थ उंदराचा कान. लहान, लवदार पानांवरून हे नाव पडले. पाणथळ जागेतल्या जातीला त्याने ‘स्कॉर्पिऑइडिस’ म्हटले, म्हणजे विंचवासारखी. याचे कारण फुलोऱ्यात आहे. कळ्यांची रांग टोकाला विंचवाच्या नांगीसारखी वळलेली असते आणि फुले उमलत जातात तसतशी उलगडत जाते. आपल्या पुस्तकांत या फुलोऱ्याला वृश्चिकाभ म्हणतात.

हा फुलोरा पाहायला युरोपात जायचे कारण नाही. पडीक जागी उगवणारी भुरुंडी घ्या. तिच्या पांढुरक्या-जांभळ्या फुलांचा दांडा नेमका असाच वळलेला असतो. भुरुंडी, छोटा कल्पा, लोणच्याचे भोकर ही सारी परंपरेने एकाच कुलात, बोरॅजिनेसी अर्थात भोकर कुलात मोडतात. आता काही शास्त्रज्ञ भोकर आणि भुरुंडी यांना स्वतंत्र कुले देतात. तसे केल्यावर उरणाऱ्या मर्यादित बोरॅजिनेसी कुलातही सुमारे ९० प्रजाती आणि १,६०० हून अधिक जाती आहेत. अंगावर खरखरीत केस, पाच पाकळ्यांचे नळीदार फूल, पाच पुंकेसर आणि फळाच्या चार लहान, कठीण फलिका ही या मंडळींची सामान्य खूण.

लिनीअसची पद्धत मुख्यतः पुंकेसर आणि किंजल यांच्या संख्येवर बेतलेली होती. पाच पुंकेसर आणि एक किंजल असलेल्या असंख्य वनस्पती त्याने एका वर्गात ठेवल्या. मोजायला ही पद्धत सोपी होती, पण नाते दाखवायला अपुरी होती. मायोसोटिस प्रजातीत त्याने गुळगुळीत फलिकांच्या जातींबरोबर आकडेदार काट्यांच्या फलिका असलेली एक जातही घातली. पुढच्या लोकांनी ती लॅप्युला या वेगळ्या प्रजातीत हलवली. म्हणजे फूल सारखे दिसले तरी फळ वेगळे असेल तर थांबून विचार करायचा, ही सावधगिरी तेव्हापासूनच शिकली जात होती.

एक वनस्पती, चार नावे

चॅटम बेटांची वनस्पती युरोपीय शास्त्रज्ञांच्या हाती आली ती एकोणिसाव्या शतकात. अशा दूरच्या वनस्पती त्या काळी दोन वाटांनी येत: प्रवाशांनी वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने, आणि बागेसाठी आणलेले बी किंवा रोपे. पॅरिसमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ दकेन याने तिला मायोसोटिस हॉर्टेन्सिया असे नाव दिले. म्हणजे दावा असा, की ही खरीखुरी फर्गेट-मी-नॉट आहे, फक्त अंगाने थोर.

१८५८ साली इंग्लंडमध्ये जोसेफ डाल्टन हुकर याने ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या बागकामाच्या साप्ताहिकात तिचे वर्णन केले, तेव्हा नाव दिले सायनोग्लॉसम नोबिले. सायनोग्लॉसम म्हणजे कुत्र्याची जीभ. भोकर कुलातलीच ही दुसरी प्रजाती. तिच्या फलिका आकडेदार काट्यांनी भरलेल्या असतात आणि जनावरांच्या केसाला, माणसांच्या कपड्याला चिकटून दूर जातात. जोसेफ हुकरचे म्हणणे असे झाले, की फूल फर्गेट-मी-नॉटसारखे असले तरी घराणे दुसरे आहे.

पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, त्याचे वडील आणि क्यू येथील प्रसिद्ध उद्यानाचे संचालक विल्यम जॅक्सन हुकर यांनी ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’मध्ये तिचे रंगीत चित्र छापले आणि तिला दोन्ही घराण्यांतून बाहेर काढले. तिच्यासाठी त्यांनी नवीनच प्रजाती स्थापन केली: मायोसोटिडियम. नावाला जोडलेला ‘इडियम’ हा प्रत्यय ‘तसाच दिसणारा’ किंवा ‘लहानसा’ असा अर्थ सुचवतो. मायोसोटिसपेक्षा कितीतरी पटींनी मोठ्या वनस्पतीला असे नाव मिळावे, ही गंमतच म्हणायची! मुलाने वडिलांचा निर्णय मान्य केला. १८६४ साली जोसेफ हुकरने न्यूझीलंड आणि आसपासच्या बेटांच्या वनस्पतींची जी हँडबुक काढली, तिच्यात ही वनस्पती मायोसोटिडियम म्हणूनच येते. त्याच वर्षी मेलबर्नमध्ये फर्डिनांड म्युलर याने हेन्री ट्रॅव्हर्सने गोळा केलेल्या नमुन्यांवरून चॅटम बेटांच्या वनस्पतींवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले.

आता एक तांत्रिक प्रश्न उरला. प्रजाती नवी झाली, पण जातीचे नाव कोणते ठेवायचे? नावे देण्याच्या नियमांत अग्रहक्काचे तत्त्व आहे. वनस्पती एका प्रजातीतून दुसरीत गेली तरी जातीला पहिल्यांदा रीतसर दिलेले नाव तिच्याबरोबर जाते. दकेनचे ‘हॉर्टेन्सिया’ हे नाव हुकरच्या ‘नोबिले’च्या आधीचे होते. म्हणून १८९० साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंरी बायों याने मायोसोटिडियम आणि हॉर्टेन्सिया यांची जोड घातली. लॅटिनमध्ये विशेषणाचे लिंग नामाप्रमाणे बदलते, म्हणून काही पुस्तकांत ते ‘हॉर्टेन्सियम’ असेही लिहिलेले आढळते. आज आपण हेच नाव वापरतो. त्यात दकेनचा जातीविषयीचा शब्द आहे आणि विल्यम हुकरांचा प्रजातीविषयीचा निर्णय आहे. शास्त्रीय नाव म्हणजे अशी एक छोटी वंशावळच असते. ती वाचता आली पाहिजे.

फूल की फळ?

विल्यम हुकरांची प्रजाती टिकून राहिली ती मुख्यतः फळामुळे. खऱ्या फर्गेट-मी-नॉटच्या फलिका बारीक, गुळगुळीत आणि चकचकीत असतात. सायनोग्लॉसमच्या फलिकांवर आकडे असतात. मायोसोटिडियमच्या फलिका मात्र मोठ्या, चपट्या आणि कडेने रुंद पंखासारखी पट्टी असलेल्या असतात.

फुलाचा रंग नात्याचा पुरावा म्हणून किती कच्चा असतो, हे पाहायचे असेल तर शेजारच्या न्यूझीलंडकडे पाहावे. तिथे मायोसोटिस प्रजातीच्या चाळीसहून अधिक मूळ जाती आहेत. त्या निःसंशय खऱ्या फर्गेट-मी-नॉट आहेत, पण त्यांतल्या बहुतेकींची फुले पांढरी असतात. काहींची पिवळी, आणि निळी फारच थोड्यांची. म्हणजे ज्यांचे फूल निळे नाही त्या सख्ख्या, आणि जिचे फूल हुबेहूब निळे आहे ती परकी!

असे का होत असावे? फूल हे परागण करणाऱ्या कीटकांना बोलावण्याचे साधन आहे. त्या त्या ठिकाणी कोणते कीटक आहेत यावर फुलाचा रंग आणि आकार बदलू शकतो. न्यूझीलंडच्या डोंगराळ भागांतल्या फुलांत पांढरा रंग एकंदरीतच फार आढळतो. त्यामुळे रंग परिस्थितीविषयी बरेच सांगतो, पण पूर्वजांविषयी कमी.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मायोसोटिडियम ही प्रजाती १८५९ साली छापली गेली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डार्विनचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध झाले. जोसेफ हुकर हा डार्विनचा जवळचा मित्र. तोवर प्रजाती म्हणजे सारख्या दिसणाऱ्या जातींचा गट, इतका अर्थ पुरेसा होता. डार्विननंतर त्या शब्दावर नवी जबाबदारी आली: एका प्रजातीतल्या जाती एका पूर्वजाच्या वंशज असल्या पाहिजेत. नावे तीच राहिली, पण त्यांना विचारायचा प्रश्न बदलला. ‘ही कोणासारखी दिसते?’ याऐवजी ‘ही कोणाच्या घरातली?’ असे विचारणे सुरू झाले.

मेंढ्या आणि डुकरे

नावाचा निर्णय युरोपात होत असताना बेटांवर वेगळेच काही घडत होते. माणूस येण्यापूर्वी या बेटांवर चरणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे कोपाकोपाच्या मांसल, रसाळ पानांना काटे नाहीत की संरक्षणाची दुसरी काही तजवीज दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतीबरोबर मेंढ्या आल्या, गुरे आली, डुकरे आली. मेंढ्यांनी पाने खाल्ली आणि डुकरांनी मुळासकट रोपे उकरली. पुढे वाळू धरून ठेवण्यासाठी लावलेल्या परदेशी मॅरम गवतानेही किनाऱ्याची जागा अडवली.

न्यूझीलंडचे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लेनर्ड कॉकेन १९०१ साली या बेटांवर गेले. त्यांचा तेथील वनस्पतींवरील निबंध १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी किनाऱ्यावर पट्ट्यासारखी वाढणारी ही वनस्पती जनावरांमुळे बऱ्याच ठिकाणांहून हटली आहे, ही गोष्ट त्या काळीच स्पष्ट झाली होती. मेंढीचे तोंड पोचत नाही अशा कड्यांवर आणि लहान बेटांवर ती तग धरून राहिली. विसाव्या शतकात किनाऱ्याचे काही तुकडे कुंपण घालून राखण्यात आले, आणि जिथे जनावरे बाहेर राहिली तिथे ती पुन्हा वाढू लागली. तरीही रानात तिची गणना संकटग्रस्त वनस्पतींतच होते.

यात एक विरोधाभास आहे. न्यूझीलंडच्या आणि ब्रिटनच्या थंड, दमट किनारी भागांतल्या बागांत ही वनस्पती हौसेने लावली जाते. तिचे बी विकत मिळते. मग ती दुर्मीळ कशी? बागेतली रोपे बहुधा थोड्याच मूळ रोपांची संतती असतात. रानातल्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवरील रोपांमध्ये जी आनुवंशिक विविधता असते, ती सगळी बागेत येत नाही. शिवाय पक्ष्यांची विष्ठा, शैवाल, खारा वारा आणि सरकती वाळू यांच्याशी जुळलेले तिचे जगणे बागेत उरत नाही. बागेत रोप वाचते, त्याचा रहिवास वाचत नाही.

डीएनएची साक्ष

विल्यम हुकरांच्या निर्णयाने ‘ही कोण नाही’ हे ठरले होते. ‘ही कोणाची’ हे ठरले नव्हते. एकाच जातीची प्रजाती म्हणजे एकटे घर. शेजारी कोण, ते कळत नाही. याचे उत्तर मिळू लागले ते डीएनएची तुलना शक्य झाल्यावर.

डीएनएच्या ठरावीक तुकड्यांतल्या अक्षरांचा क्रम दोन वनस्पतींत ताडून पाहतात. समान पूर्वजापासून फुटून जितका काळ लोटला असेल तितके फरक सामान्यतः जास्त साठतात. असे पुष्कळ वनस्पतींचे क्रम शेजारी ठेवून वंशवृक्ष काढता येतो. २०१० साली न्यूझीलंडमधील शास्त्रज्ञांनी चॅटम बेटांच्या अनेक स्थानिक वनस्पतींची अशी तपासणी प्रसिद्ध केली. बहुतेकांचे जवळचे नातलग न्यूझीलंडमध्येच सापडले, आणि त्यात आश्चर्य काहीच नव्हते. मायोसोटिडियम मात्र अपवाद ठरली. तिचे नाते शेजारच्या फर्गेट-मी-नॉटशी न जुळता ओम्फॅलोडिस या युरोपातल्या प्रजातीच्या गोतावळ्याशी जुळले. या प्रजातीचे नाव तिच्या बेंबीसारखी खोलगट फलिका पाहून ठेवलेले आहे. ग्रीकमध्ये ओम्फॅलोस म्हणजे नाभी.

पुढे तुलनेत अधिक वनस्पती आल्या, तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झाले. जर्मनीतील बॉन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली दक्षिण अमेरिकेतील या गोतावळ्याची फेरमांडणी केली. मायोसोटिडियमचे जवळचे नातलग निघाले चिली आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातले. त्यांतला एक म्हणजे सेल्किर्किया बर्टेरोई हे हुआन फर्नांडेझ बेटांवरचे झुडूप. अलेक्झांडर सेल्कर्क नावाचा खलाशी १७०४ ते १७०९ या काळात याच बेटांवर एकटा राहिला होता. रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीमागे त्याची हकीकत असल्याचे मानतात. प्रजातीला नाव त्याचेच. चॅटम बेटांपासून ही बेटे सुमारे ८,००० किलोमीटर दूर आहेत, आणि मध्ये आहे अखंड महासागर. नाते सिद्ध होणे आणि प्रवासाची वाट सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. डीएनएचा वंशवृक्ष पहिल्याविषयी बोलतो.

या निकालाने फळाचाही तोरा उतरवला. सेल्किर्कियाच्या फलिकांना आकडे, ओम्फॅलोडिसच्या फलिका नाभीसारख्या, मायोसोटिडियमच्या पंखवाल्या. आणि तरी तिन्ही एका गोतावळ्यातल्या. उलट सेल्किर्किया आणि सायनोग्लॉसम या दोघांना आकडे आहेत, पण त्या वेगळ्या शाखांवर बसतात. बी दूर पोचवण्याची गरज सर्वांनाच असते, आणि तीच युक्ती वेगवेगळ्या घरांत स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकते. फुलाने फसवले तेव्हा फळाने सावरले. फळ अपुरे पडले तेव्हा डीएनएने. याचा अर्थ जुने शास्त्रज्ञ अडाणी होते असा नाही. त्यांच्या हाती जो पुरावा होता, त्यातला जास्त विश्वासार्ह कोणता हे त्यांनी अचूक ओळखले होते. म्हणूनच १८५९ ची प्रजाती आजही उभी आहे.

ओम्फॅलोडिसमधून वेगळ्या काढलेल्या युरोपातल्या एका जातीसाठी २०१४ साली नवी प्रजाती करण्यात आली. तिचे नाव आहे मेमोरेमिया. लॅटिन ‘मेमोर’ म्हणजे आठवण ठेवणारा. शास्त्रज्ञांनाही थट्टा वर्ज्य नसते.

सह्याद्रीतली निसुर्डी

हा सगळा प्रकार दूरच्या बेटावरचा वाटत असेल, तर पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्याजवळच्या कास पठारावर जावे. तिथे निळसर फुलांची निसुर्डी दिसते. इंग्रजी पुस्तकांत तिला ‘डोंगरी फर्गेट-मी-नॉट’ म्हणतात. ती पश्चिम घाटातली स्थानिक वनस्पती आहे आणि तीही मायोसोटिस नाही. ती सायनोग्लॉसमच्या गोतावळ्यातली आहे.

तिच्या नावाचा प्रवास पाहा. १८३९ साली जॉन लिंडली याने तिला सायनोग्लॉसम सेलेस्टिनम म्हटले. सेलेस्टिनम म्हणजे आकाशी. पुढे ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या चौथ्या खंडात सी. बी. क्लार्क याने भोकर कुलाचे लेखन केले, तेथे ती पॅराकॅरियम झाली. या सात खंडांच्या महाग्रंथाचा कर्ता-संपादक म्हणजे चॅटमच्या वनस्पतीला १८५८ मध्ये नाव देणारा तोच जोसेफ हुकर. १९२१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट ब्रांड याने तिला अॅडेलोकॅरियममध्ये नेले. १९९१ साली आर. आर. मिल याने पॅराकॅरिऑप्सिस या प्रजातीत तिची मांडणी केली. त्यामुळे एकाच फुलाची तीन पुस्तकांत तीन नावे सापडतात आणि हौशी निरीक्षक वैतागतात. पण चारही नावांत शेवटचा ‘आकाशी’ हा शब्द, लिंगाप्रमाणे थोडा बदलून, लिंडलीचाच राहिलेला आहे. तो धागा धरला की सर्व पुस्तके एकाच रोपाविषयी बोलत आहेत हे कळते.

नावाने काय फरक पडतो?

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कोपाकोपाला मायोसोटिस म्हटले काय किंवा मायोसोटिडियम म्हटले काय, मेंढी तिला सारख्याच आवडीने खाणार!

फरक पडतो तो वाचवणाऱ्याच्या बाजूने. संरक्षणासाठी पैसा, माणसे आणि जागा नेहमीच तुटपुंजी असतात, आणि मग निवड करावी लागते. दकेनचा दावा खरा असता, तर ही वनस्पती सुमारे शंभर फर्गेट-मी-नॉटपैकी एक ठरली असती. ती नष्ट झाली असती तरी त्या घराण्याचे शंभरातले नव्व्याण्णव सदस्य उरले असते. पण ती आपल्या प्रजातीतली एकुलती एक आहे. तिच्याबरोबर एक स्वतंत्र शाखा, आणि त्या शाखेने इतक्या दीर्घ काळात कमावलेले गुणधर्म, कायमचे जातील. त्यांची प्रत दुसरीकडे कुठे ठेवलेली नाही.

हा विचार विसाव्या शतकाच्या शेवटी आकडेमोडीत उतरला. १९९१ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधील व्हेन-राइट, हम्फ्रीज आणि विल्यम्स यांनी, काय वाचवायचे हे ठरवताना वर्गीकरणाचा आधार घ्यावा, असे मांडले. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॅनिएल फेथ यांनी वंशवृक्षाच्या फांद्यांच्या लांबीवरून विविधता मोजण्याची रीत सुचवली. जातींची नुसती संख्या न मोजता, प्रत्येक जात वंशवृक्षाचा किती भाग एकटी सांभाळून आहे, हे त्यातून पाहता येते. चूक वर्गीकरण म्हणजे या हिशेबात चूक आकडा.

मात्र यातून दुसऱ्या टोकाला जायचे कारण नाही. न्यूझीलंडच्या मायोसोटिस जातींपैकीही कित्येक संकटात आहेत, आणि बहिणी पुष्कळ आहेत म्हणून त्यांच्यापैकी एखादी गेली तरी चालेल, असे कोणी म्हणणार नाही. वर्गीकरण निर्णय घेत नाही. निर्णय घेणाऱ्याला काय पणाला लागले आहे ते दाखवते.

वर्गात करून पाहण्यासाठी

या विषयावर एक सोपा प्रयोग सुचवतो. सब्जाचे आणि तुळशीचे सुकलेले फुलोरे, तसेच रस्त्याकडेची भुरुंडी आणि छोटा कल्पा, असे चार नमुने आणावेत. कासच्या पठारावरचे काहीही तोडू नये. तेथील फुले पाहायची आणि वहीत चितारायची. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने फक्त फळे पाहून वर्गीकरण करावे, दुसऱ्याने पानांची मांडणी, खोडाचा आकार आणि फुलोरा पाहून.

पहिल्या गटाला चारही नमुन्यांच्या फळांत चार-चार फलिका आढळतील आणि ते सर्वांना एका घरात बसवतील. दुसऱ्या गटाला दिसेल, की तुळस-सब्जाचे खोड चौकोनी आहे आणि पाने समोरासमोर आहेत. भुरुंडीचा फुलोरा मात्र नांगीसारखा वळलेला आहे. चार फलिकांच्या या साम्यामुळे एके काळी शास्त्रज्ञही तुळशीचे कुल आणि भोकर कुल यांना जवळचे मानत असत. आता डीएनएच्या पुराव्यावरून ती वेगवेगळ्या गणांत ठेवली जातात. दोन्ही गटांना आपापली कारणे फळ्यावर लिहायला सांगावे आणि एकमेकांच्या दाव्यावर शंका काढू द्याव्यात. छोट्या कल्प्यापाशी वाद हमखास अडेल, कारण त्याची काही पाने समोरासमोर असतात आणि खालची खूण वरच्या खुणेशी जुळत नाही. तिथे उत्तर सांगायची घाई करू नये. आणखी कोणती खूण पाहावी, हे मुलांनाच सुचवू द्यावे.